मागच्या सीटवरची चावी

आपल्याच गाडीत आपल्याला शिरता येत नाही हे मला कळलं, तेव्हा माझ्या अंगात बनियन होतं, तोंडात राखुंडी होती, आणि पाठीमागे अख्खी सोसायटी घागरी, हंडे, ड्रम नि एक प्लास्टिकचा टब घेऊन उभी होती. मी रिमोटचं बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. गाडी गप्पच. सत्ताधारी माणसाला विरोधकांचा प्रश्न ऐकू येत नाही, तसं तिचं तोंड झालं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. केजच्या जरा बाहेर, डांबरी जिथं संपते आणि आश्वासनं सुरू होतात, तिथं आमची सहजीवन सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. ‘सहजीवन’ हे नाव ज्यांनी सुचवलं, ते प्लॉट विकून पुण्याला राहायला गेले. आम्ही उरलो. गावच्या नळाला तीन-तीन आठवड्यांनी पाणी यायचं, तेही तास-दीड तास. मोठी लाइन आमच्या दारावरून उताराला पुढं जाते. त्यातलं पाणी आमच्या हौदाकडं वळवायचं, तर जमिनीत खोल खड्ड्यात बसवलेला वॉल्व्ह फिरवावा लागतो, आणि तो फिरवायला छातीएवढ्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी लागते. गावातल्या इतर वॉल्व्हच्या चाव्या एकमेकांना चालतात. आमचा वॉल्व्ह संस्थेनं रीतसर दरपत्रकं मागवून स्वतः खरेदी केलेला, त्यामुळं त्याला जगातली दुसरी कुठलीच चावी बसत नव्हती. बसणारी चावी एकच होती, आणि ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवी निजली होती. काचेतून सगळ्यांना स्वच्छ दिसत होती.

ती तिथं का होती, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचकांचा समज होईल की मी वेडा आहे. मी वेडा नाही, मी चेअरमन आहे. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून आयुष्य काढलं, दुसऱ्यांच्या संस्थांत दोष काढले. निवृत्त झाल्यावर लोकांनी मला बिनविरोध निवडून दिलं. बिनविरोध म्हणजे काय, तर दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

आधी चावी आमचे सचिव उत्तरेश्वर यांच्या पडवीत टांगलेली असायची. मग लोकांनी एकमेकांच्या परसात डोकावायला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं हिरवं पान हा पाणीचोरीचा पुरावा धरला जायचा. ‘त्रिंबकरावाच्या लिंबाला पालवी कावून हाय?’ असं एक जण म्हणाला. ‘उत्तरेश्वरच्या मोटारसायकलवर धूळ कावून न्हाई?’ असं त्रिंबकराव म्हणाले. रात्री-अपरात्री वॉल्व्ह कोण फिरवतं यावर चर्चा पेटली, आणि मी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

त्रिंबकराव म्हणजे आमचा विरोधी पक्ष. एका सहकारी साखर कारखान्याचे ते एक टर्म संचालक होते. कारखाना बंद पडला, त्रिंबकराव चालू राहिले. सभेत उभं राहून ते म्हणाले, “चावी कुनाच्याच घरात नको. घरात बायका असत्यात. बाई शेजारणीला न्हाई म्हनत न्हाई. चावी अशा जाग्यावर पायजे, जिथं बाई न्हाई.”

सोसायटीत बाई नसलेली एकच जागा निघाली: माझी गाडी.

ठराव झाला. मग उपसूचना आल्या. चेअरमन चावीसकट गाडी घेऊन बीडला गेले तर? सबब गाडी जागेवरून हलवू नये. चारी चाकांना दगड लावावेत. चेअरमननं गुपचूप किल्ली लावून दार उघडलं तर? सबब दाराचं किल्लीचं छिद्र एमसीलनं बुजवावं. मग गाडी फक्त रिमोटनं उघडेल, आणि रिमोट दाबला की ‘टूं टूं’ असा आवाज होतो, तो सगळ्या लाइनीला ऐकू जाईल. त्रिंबकरावांनी या टूं टूंला ‘पारदर्शकता’ असं नाव दिलं. मला ते पटलं. उत्तरेश्वरनं पंचांसमक्ष छिद्रात एमसील भरलं आणि वर अंगठा दाबला. माझ्या गाडीच्या दारावर अजूनही त्याचा अंगठा आहे.

तेव्हापासून गाडी उभी. मेहुण्याच्या मुलाच्या लग्नाला तेलगावला मी वडाप जीपमध्ये कुणाच्या तरी शेळीला मांडीवर घेऊन गेलो, आणि माझी गाडी घरी एका लोखंडी कांबेला सावली देत बसली. गाडी चालली तरच तिची बॅटरी भरते, हे मला ठाऊक होतं. ठरावाला ठाऊक नव्हतं.

मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा टूं टूं जरा बारीक झालं होतं. शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या, “भाऊ, गाडी कन्हली बगा.” पण चंद्रभागाबाई संस्थेच्या सभासद नाहीत, त्यामुळं त्यांच्या बोलण्याची कुणी दखल घेतली नाही.

तर त्या सकाळी वॉल्व्हच्या खड्ड्यातून फुस्स-फुस्स आवाज यायला लागला. लाइनीतली हवा सुटतेय, म्हणजे मागोमाग पाणी आलं. बायका धावत आल्या. मी बटण दाबत होतो. चंद्रभागाबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊ, लेक बाळंतीण हाय घरात, तुमाला ठावंच हाय. बोअरच्या पान्यानं लेकराच्या अंगावर चट्टे उठलेत. नळाची एक कळशी उरलीय, ती पेजंला ठिवलीय. आज पानी न्हाई मिळालं तर म्होरं वीस दिवस मी काय करू?”

“मिळेल मिळेल,” मी म्हणालो. चेअरमनचं काम मिळेल म्हणायचं असतं.

मग सल्ले सुरू झाले. दुष्काळात सगळं आटतं, सल्ले आटत नाहीत. एकानं सांगितलं, रिमोटचा सेल काढून पायजम्यावर घासा. घासला. एकानं सांगितलं, उन्हात ठेवा. ठेवला, ऊन हीच एक गोष्ट आमच्याकडं संस्थेला पुरून उरत होती. उत्तरेश्वर आपल्या मेहुण्याच्या गाडीचा रिमोट घेऊन आला, कारण ‘दोनी पांढऱ्या गाड्या हायत’. तोही दाबून पाहिला. शेवटी कुणीतरी म्हणालं, “साहेब, डोक्याला लावून दाबा. रेंज वाढती.”

मी रिमोट टाळूला टेकवला आणि दाबला. बनियनवर, राखुंडीनं काळ्या झालेल्या तोंडानं, सत्तर बायामाणसांदेखत. सगळे माझ्या डोक्याकडं बघत होते. सहकार खात्यानं ज्या डोक्याला इतकी वर्षं पगार दिला, त्या डोक्याचा संस्थेला उपयोग करून घेण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता, आणि तो फसला.

“बिभीषणला बोलवा,” माझी पत्नी सरस्वती म्हणाली.

बिभीषणचं एसटी स्टँडजवळ बॅटरीचं दुकान आहे. तो फटफटीवर आला, सोबत भरलेली बॅटरी नि वायरी घेऊन. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांचे दगड पाहिले, माझ्या बनियनकडं पाहिलं.

“बॅटरी मेली,” तो म्हणाला.

“मग तुझी जोड,” उत्तरेश्वर म्हणाला.

“जोडायची तर बॉनेट उघडाया पायजे.”

“उघड.”

“बॉनेटचा खटका आतमदी हाय. स्टेअरिंगखाली.”

“मग दार उघड.”

“दार बॅटरीवर हाय.”

म्हणजे दार उघडायला बॅटरी पाहिजे, आणि बॅटरीपर्यंत पोचायला दार उघडलं पाहिजे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सभासद व्हायचं तर शेअर पाहिजे आणि शेअर घ्यायचा तर सभासद पाहिजे, असं सांगून मी कितीतरी माणसं टेबलावरून परत पाठवली होती. गाडी बनवणारेही आमच्याच खात्यातून गेलेले असावेत.

“पर अडचन न्हाई,” बिभीषण म्हणाला. त्यानं माझ्या हातातला रिमोट घेतला, कडेला नख घातलं, आणि त्याच्या पोटातून एक छोटी लोखंडी किल्ली ओढून काढली. बायकांत आनंदाची कुजबुज झाली. किल्ली घेऊन तो दाराशी वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

“हे कुनी बुजवलं?”

सगळ्यांनी उत्तरेश्वरच्या अंगठ्याकडं पाहिलं.

“कुनी बुजवलं बे?”

“सर्वसाधारण सभेनं,” उत्तरेश्वर खाली बघत म्हणाला.

“कोन?”

“विशेष सभा होती ती. वार्षिक न्हवती.”

बिभीषणनं स्क्रू ड्रायव्हरनं एमसील टोकरलं. टोक वाकलं, एमसील वाकलं नाही. संस्थेच्या स्थापनेपासून आजवर झालेलं दर्जेदार काम ते एवढं एकच. रस्ता पहिल्या पावसात गेला, हौदाला तडे आहेत, ऑफिसचं दार लागत नाही. पण छिद्र बुजवावं तर आमच्या सहजीवननं.

खड्ड्यातला आवाज आता बदलला होता. फुसफुस थांबून आत घळघळ सुरू झाली होती. पाणी आमच्या पायाखालून उताराकडं निघालं होतं. खाली एक नवा ले-आउट आहे. तिथं अजून कुणी राहत नाही, पण हिरवळ लावलेली आहे.

“आता तारंनं बगतो,” बिभीषण म्हणाला. त्यानं दाराच्या वरच्या फटीत लाकडी पाचर ठोकली, जाड तारेला आकडा केला आणि तार आत सोडली. आकडा आतल्या कडीच्या दिशेनं लोंबायला लागला. एकदा कडीला लागला, निसटला. बायका श्वास रोखून बघत होत्या. पुन्हा लागला. या खेपेला बसला.

“थांब,” त्रिंबकराव म्हणाले.

बिभीषण थांबला.

“आता वढलं तर काय हुईल?”

“उघडंल की.”

“म्हंजी तारंनं उघडतंय.”

“उघडतंय की, बाबा. तेच तर करायलोय.”

त्रिंबकरावांनी सगळ्यांकडं सावकाश पाहिलं. कारखान्याच्या सभेत साखर कुठं गेली असं कुणी विचारलं, की ते असंच बघायचे म्हणतात. “म्हंजी आजपत्तूर कुनीबी उघडलं असल,” ते म्हणाले. “टूं टूं न करता.”

आणि बघता बघता आमच्यात पाण्याचा विषय मागं पडला. कुणाच्या घरात जाड तार आहे, याची चर्चा सुरू झाली. उत्तरेश्वरच्या घरी कपडे वाळत घालायची तार आहे, असं एक जण बोलला. तुझ्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याला आहे, असं उत्तरेश्वर बोलला. त्रिंबकरावांचं म्हणणं एवढंच होतं, की गाडी तारेनं उघडू शकते याची गाडी उघडण्यापूर्वी लेखी नोंद व्हावी. उघडल्यानंतर केलेल्या नोंदीला अर्थ राहत नाही. लेखापरीक्षक म्हणून मला त्यात तथ्य वाटलं, हे मी नमूद करतो.

“मी वढू का नगं?” बिभीषणनं विचारलं. त्याचा हात अवघडला होता.

“जरा दम धर.”

त्यानं जरा दम धरला. मग आणखी जरा धरला. मग त्यानं तार उत्तरेश्वरच्या हातात दिली, पाचर काढून खिशात घातली, बॅटरी फटफटीला बांधली. “तुमचं ठरलं की फोन करा,” तो म्हणाला. “मला टँकरची बॅटरी बगायचीय. त्येच्या वाटंला बसलेली मानसं तरी दार लावून घेत न्हाईत.”

उत्तरेश्वरनं तार जोरात ओढली. आकडा सरळ झाला. त्यानं ती पुन्हा आत ढकलली आणि हातातून सोडली. आता गाडीत दोन वस्तू अडकल्या.

दरम्यान एकानं पाइपाचा मोठा पाना खड्ड्यात घालून पाहिला. वॉल्व्हच्या दांड्याचे कोपरे होते तेवढे झिजले आणि पाना त्या माणसाच्या नडगीवर बसला. त्याच्या बायकोनं तिथंच संस्थेच्या स्थापनेपासूनचे सगळे चेअरमन काढले. मी माझ्या वाटचं ऐकून घेतलं.

“काच फोडा,” चंद्रभागाबाई म्हणाल्या.

मला आता प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. काच माझी होती. चावी संस्थेची होती. चावी काढण्यासाठी काच फोडायची, तर ते संस्थेचं काम ठरतं, आणि संस्थेचं काम संस्थेच्या मंजुरीशिवाय होत नाही. हे म्हणणारा माणूस त्रिंबकराव नव्हता. मीच होतो.

“ठराव घ्या की मग हितंच,” सरस्वती म्हणाली.

लिंबाखाली सभा भरली. उत्तरेश्वरनं सभासद मोजले. पुन्हा मोजले. “कोरम भरंना,” तो म्हणाला. कुणी तहसीलला ड्युटीवर होतं, कुणी बीडला कोर्टात, काही जण तर पलीकडच्या तालुक्यातल्या चालू कारखान्याकडं अडकलेले.

“एवढी मानसं उभी हायत की,” सरस्वतीनं घागरींच्या रांगेकडं हात केला.

“वहिनी, ह्या सभासद न्हाईत,” त्रिंबकराव समजुतीनं म्हणाले. “शेअर मालकाच्या नावावर हाय.”

“आन घागर कुनाच्या नावावर हाय?”

“तो विषय आजच्या विषयपत्रिकेवर न्हाई.”

कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. ज्यांनी सहकारात दिवस काढले नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो: पुरेसे सभासद नसले की सभा अर्धा तास थांबवायची आणि त्याच जागी पुन्हा भरवायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे जी माणसं सव्वासातला निर्णय घ्यायला अपुरी असतात, तीच माणसं अर्धा तास काहीही न करता बसली, की पुरेशी होतात. आयुष्यभर मी शेकडो सभांच्या इतिवृत्तात ही ओळ वाचली होती. त्या अर्ध्या तासात बाहेर काय घडत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आम्ही पुरुष सावलीत बसलो. कुणीतरी तंबाखू काढली. त्रिंबकरावांनी मला चुना दिला. आमचे मतभेद तात्त्विक आहेत. पायाखालून पाणी घळघळत होतं. बायका खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसून तो आवाज ऐकत होत्या. चंद्रभागाबाईंच्या घरातून बाळाचं रडणं येत होतं. नव्या बाळाचा आवाज असतो तसा, बारीक आणि न थांबणारा. चंद्रभागाबाई त्या बाजूला बघत नव्हत्या. त्या मागच्या सीटवरच्या चावीकडं बघत होत्या.

सरस्वती उठली आणि घरात गेली. मला वाटलं, चहाचं बघायला गेली असेल. चहाला पाणी नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता.

“अगं,” मी उठून म्हणालो, “अर्धा तास तरी होऊ दे.”

“सरका,” ती म्हणाली.

पस्तीस वर्षांच्या संसारात ती मला अनेक गोष्टी बोलली आहे. इतकं थोडक्यात कधी बोलली नव्हती. मी सरकलो.

पहिला घाव काचेवरून निसटला. दुसऱ्यानं नुसता टण्ण आवाज झाला. “दमानं न्हाई बाई,” चंद्रभागाबाई मागून म्हणाल्या, “कुनाचं तरी नाव घिऊन हाणा.” सरस्वतीनं मनात कुणाचं नाव घेतलं ते मी विचारलेलं नाही. काचेचा चुरा होऊन तो मागच्या सीटवर साखरेसारखा सांडला.

चंद्रभागाबाईंनी आत हात घालून चावी ओढली. मनगटाला कापलं. त्यांनी पदर गुंडाळला आणि चावी खांद्यावर टाकून धावल्या. चार बायकांनी मूठ धरली, दोघींनी कांब खड्ड्यात सरळ धरली, आणि झिजलेल्या दांड्यावर ती एकदाची बसली. फिरली. हौदात धप्पकन पाणी पडलं. मग धार लागली.

धार फार वेळ टिकली नाही. पाण्याची वेळ संपत आली होती. पाइपानं दोन-तीन उचक्या दिल्या आणि हवा सोडली. हौदाच्या तळाशी घोट्याएवढं पाणी उभं होतं.

सरस्वती हौदाच्या कठड्यावर चढली. “बाळंतिणीच्या घरचं आदी,” म्हणाली. चंद्रभागाबाईंची भांडी भरली. मग घरटी दोन-दोन घागरी. त्रिंबकरावांच्या घरच्या तिसरी घागर घेऊन आल्या. सरस्वतीनं नुसतं बघितलं, त्या परत गेल्या. तळातलं गढूळ पाणी तिनं फडक्यातून गाळून दोन बादल्या आमच्यासाठी ठेवलं. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच वाटप तक्रारीशिवाय झालं. त्याची कुठंही नोंद नाही.

“झाला अर्धा तास,” उत्तरेश्वर घड्याळ बघत म्हणाला. “सभा सुरू.”

तहकूब सभा सुरू झाली. विषय एकच: चावी काढण्यासाठी चेअरमनच्या गाडीची काच फोडण्यास परवानगी देणे. आमच्या डाव्या हाताला काच फुटलेली गाडी होती, उजव्या हाताला भरलेल्या घागरी चालल्या होत्या. मी सुचवलं की कार्योत्तर मंजुरी द्यावी. तशी पद्धत आहे. त्रिंबकराव म्हणाले, आज काचेला कार्योत्तर मंजुरी दिली, तर उद्या कुणीही उठून काहीही फोडेल आणि मंजुरी मागेल. सबब सविस्तर विचारासाठी विषय विशेष सर्वसाधारण सभेकडं पाठवण्यात आला.

सभेच्या नोटिसा मी दारोदार स्वतः वाटल्या, कारण उत्तरेश्वरच्या मोटारसायकलवर या खेपेला खरंच धूळ होती आणि कितीही किक मारली तरी ती सुरू होत नव्हती. फुटक्या काचेच्या गाडीजवळ राखणीला बसणं, पोत्याचं तरट लावणं, चावी कुणाच्या हवाली करावी यावरून तंटा मिटवणं, यात माझे ते दिवस गेले. काचेच्या विषयाचा एव्हाना काच फोडणाऱ्या बाईवरचा ठराव झाला होता; ती सभासद नसल्यामुळं तिला नोटीस द्यायची गरज नव्हती.

पाच दिवसांनी सभेला कोरम भरला. भरून सांडला. सहजीवनच्या सभेला इतकी गर्दी मी पाहिली नव्हती, आणि इतकी स्वच्छ गर्दी तर नाहीच. सगळे अंघोळ करून आले होते. केस ओले, कपाळाला गंध, सदऱ्यांना निळीचा वास. त्रिंबकरावांचं धोतर इतकं पांढरं होतं, की डोळे दिपले. तीन आठवड्यांनी माणसांच्या चेहऱ्यांचे मूळ रंग दिसत होते.

ठराव त्रिंबकरावांनी मांडला. संस्थेच्या ताब्यातील चावी सौ. सरस्वतीबाई यांनी, सभासद नसताना व कोणताही अधिकार नसताना, सभा तहकूब असताना, बळाचा वापर करून बाहेर काढली, सबब ही सभा त्यांचा निषेध करते. पुढं चावी संस्थेच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवावी, कपाटाला तीन कुलपं लावावीत, एकेक किल्ली अध्यक्ष, सचिव आणि उपाध्यक्ष यांच्याकडं द्यावी. उपाध्यक्ष बीडला राहतात.

“अनुमोदन कोन देतंय?” उत्तरेश्वरनं विचारलं.

रामकिसन उभा राहिला. चंद्रभागाबाईंचा नवरा. पाणी आलं त्या दिवशी तो त्या चालू कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. खांद्यावर नातवाचं दुपटं होतं, धुतलेलं, अजून ओलसर. “आमचं अनुमोदन हाय,” तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, “भाऊ, वहिनींच्या विरोदात न्हाई बरं का. पर काय हाय, शिस्त ऱ्हायली पायजे.”

मी म्हणालो, हा विषय माझ्या घरातला आहे, मी खुर्चीवरून उठतो.

“उठा,” त्रिंबकराव म्हणाले. “मत दिऊ नका. पर सही करा. अध्यक्षाची सही लागती.”

त्यांचं बरोबर होतं. कायद्यात तसंच आहे. उत्तरेश्वरचं पेन गळकं होतं. मी सही केली. बोटं निळी झाली.

घरी आलो तर सरस्वती ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती.

“झाली सभा?”

“झाली.”

“काय ठरलं?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तीन कुलपांसकट. ती पाखडत राहिली.

“एकमतानं?” तिनं विचारलं.

“एकमतानं.”

“रामकिसनभाऊबी व्हते?”

“अनुमोदन त्यांचंच होतं.”

तिनं सूप खाली ठेवलं, त्यातला एक खडा वेचून अंगणात टाकला. “तुमच्या वाटची एक बादली मोरीत झाकून ठिवलीय,” ती म्हणाली. “सगळ्या सोसायटीत तुमचीच अंगोळ ऱ्हायलीय. करून घ्या. वास यायलाय.”

मी मोरीत गेलो. बादलीवरचं फडकं काढलं. पाणी निवळलं होतं, तळ दिसत होता. पहिला तांब्या अंगावर घेणार, तेवढ्यात बोटांची शाई दिसली. म्हटलं, आधी हात धुवावा. साबणानं घासला, राखुंडीनं घासला, दगडानं घासला. शाई चांगल्या प्रतीची निघाली. ती काढण्यातच बादली संपली.